पर्णभुंगेऱ्यांची जातिनिश्चिती

पर्णभुंगेऱ्यांची जातिनिश्चिती म्हणजे क्रायसोमेलिडी या कुलातील भुंगेऱ्यांच्या जाती ओळखणे आणि विज्ञानाला अपरिचित असलेल्या जातीचे नियमानुसार वर्णन करून तिला नाव देणे. ढालपंखी गणातील या कुलाच्या सुमारे ३५,००० जातींचे वर्णन आजवर झाले असून उष्ण प्रदेशांत त्यांची विविधता मोठी आहे. महाराष्ट्र व बेळगाव परिसरातील अनेक जातींना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये नावे मिळाली. ज्या नमुन्यांवरून ती दिली गेली, ते नमुने आजही परदेशी संग्रहालयांत आहेत. येथे सापडलेला भुंगेरा नवा आहे की जुनाच, हे ठरवताना अभ्यासकाला त्या नमुन्यांपर्यंत पोहोचावे लागते.

परिचित जाती

पर्णभुंगेरे शेतकऱ्यांच्या नित्य पाहण्यातले आहेत. काकडी-भोपळ्याच्या वेलींवरील तांबडा भुंगेरा, कोकणातील भातावरचा निळा भुंगेरा आणि द्राक्षावरील उडद्या हे सर्व याच कुलातले. लोकनावे उपयुक्त असली तरी त्यांवरून नाते कळतेच असे नाही. उडद्याला इंग्रजीत पिसू भुंगेरा म्हणतात, परंतु शास्त्रीय वर्गीकरणात तो खऱ्या पिसू भुंगेऱ्यांच्या गटात मोडत नाही. त्या गटातील भुंगेऱ्यांच्या मागच्या मांडीत उडी मारण्यासाठी स्प्रिंगसारखा कठीण अवयव असतो. उडद्यात तो नसतो.

बेळगावचे नमुने

भारतीय वनखात्यातील अधिकारी हर्बर्ट एडवर्ड अँड्र्यूज यांनी बेळगाव व कारवारकडील जंगलांत भुंगेऱ्यांचा मोठा संग्रह केला. त्यातील पर्णभुंगेऱ्यांचा अभ्यास मार्टिन जेकोबी यांनी केला. जेकोबी हे व्यवसायाने व्हायोलिनवादक आणि संगीतशिक्षक होते. कीटकांचा अभ्यास हा त्यांचा छंद, पण या छंदाचा आवाका भल्याभल्या व्यावसायिकांना लाजवील असा होता. अँड्र्यूज यांच्या नमुन्यांवर आधारित त्यांचे लेख १८९५ व १८९६ मध्ये बेल्जियमच्या कीटकशास्त्रीय नियतकालिकात आले. लाँगिटार्सस बेलगाउमेन्सिस या छोट्या पिसू भुंगेऱ्याचे १८९६ मधील नाव बेळगाव शहरावरूनच पडले आहे.

जेकोबी १९०७ मध्ये वारले आणि ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील त्यांचा खंड १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढचे तीन खंड (१९१९, १९२६, १९३६) समरेंद्र मौलिक या भारतीय कीटकशास्त्रज्ञाने ब्रिटिश म्युझियममध्ये काम करून लिहिले. भारतातील पर्णभुंगेरे ओळखण्यासाठी हे चार खंड आजही चाळावे लागतात. मात्र त्या काळातील वर्णने बहुधा काही ओळींचीच असत. रंग, लांबी आणि ढालपंखांवरील ठिपके एवढ्यावर ती थांबतात. एकाच वर्णनात दोन जाती मिसळल्या आहेत का, हे नुसत्या मजकुरावरून सांगता येत नाही. त्यासाठी मूळ नमुनाच पाहावा लागतो. जेकोबी यांचे नमुने मुख्यतः लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत.

नव्या जातीचे वर्णन

लाँगिटार्सस प्रजातीत जगभर सातशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतील बऱ्याच जाती दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या, पिवळसर किंवा तपकिरी आणि वरून पाहता जवळजवळ सारख्या दिसतात. अशा वेळी जननेंद्रियांची रचना निर्णायक ठरते. वाळलेला भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करून त्याचे उदर सूक्ष्मदर्शकाखाली उघडतात. नराचे जननेंद्रिय व मादीची शुक्रग्राहिका वेगळी काढतात, सौम्य अल्कलीच्या द्रावणात स्वच्छ करतात आणि त्यांची चित्रे काढतात. नळीचा बाक, टोकाचा आकार यांत जवळच्या जातींमध्येही स्पष्ट फरक दिसतो.

रंगावर विसंबणे कासव भुंगेऱ्यांच्या बाबतीत विशेष धोक्याचे आहे. रताळ्याच्या कुळातील वेलींवर दिसणारे काही कासव भुंगेरे जिवंतपणी सोन्यासारखे चमकतात. ही चमक कवचाच्या थरांतील ओलाव्यामुळे येते. कीटक मेला व वाळला की ती जाते आणि संग्रहातील पेटीत उरतो तो फिकट तपकिरी नमुना.

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतर वर्णिलेल्या प्रत्येक जातीसाठी नामधारक नमुने स्पष्टपणे नेमावे लागतात. बहुधा असा एकच नमुना निवडतात. त्याला होलोटाइप म्हणतात. जातीचे नाव कायमचे त्याच्याशी बांधलेले राहते. उद्या वर्णनातील एखादे विधान चुकीचे ठरले तरी नाव कोणाचे, याचा निवाडा तो नमुनाच करतो.

अन्नवनस्पती

जुन्या वर्णनांत सहसा न आढळणारी एक गोष्ट म्हणजे भुंगेरा कोणत्या वनस्पतीवर सापडला याची नोंद. बहुतेक पर्णभुंगेरे ठरावीक वनस्पतींवरच जगतात, म्हणून ही नोंद ओळखीला मोठा आधार देते. पुण्यातील मॉडर्न महाविद्यालयाचे हेमंत घाटे व सहकाऱ्यांनी पोलंडचे लेख बोरोविएत्स यांच्यासह २००३ मध्ये पुणे परिसरातील कासव भुंगेरे आणि त्यांच्या अन्नवनस्पती यांवर लेख प्रसिद्ध केला. के. डी. प्रतापन व सी. ए. विरक्तमठ यांनी २०११ मध्ये वर्णिलेल्या लाँगिटार्सस लिम्नोफिली या जातीचे नावच तिच्या पाणवनस्पतीवरून आले आहे. या जातीचा कोश खोडातील हवेच्या पोकळ्यांत तयार होतो.

ओळखीचे व्यावहारिक महत्त्व

मिरजगाव, कर्जत, श्रीगोंदे अशा कमी पावसाच्या भागांतही पावसाळ्यात माजणारे गाजरगवत भारतात प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले. त्याच्या नियंत्रणासाठी झायगोग्रामा बायकलराटा हा मेक्सिकन भुंगेरा १९८३ मध्ये बंगळूरला आणून १९८४ मध्ये सोडण्यात आला. काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसल्याच्या तक्रारी आल्या. भीती निराधार नव्हती, कारण याच प्रजातीतील झायगोग्रामा एक्सक्लमेशनिस ही उत्तर अमेरिकेत सूर्यफुलाची कीड आहे. केवळ प्रजातीचे नाव सांगून शेतकऱ्याचे समाधान होणे शक्य नव्हते. सोडलेली जात नेमकी कोणती आणि ती कशावर वाढते, याचा वेगळा तपास करावा लागला.

कायदा व नमुन्यांची देवाणघेवाण

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार भारतात शोधलेल्या नव्या जातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवून तिचे नमुने तेथे जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे. या तरतुदीमुळे आता वर्णिल्या जाणाऱ्या जातींचे नमुने देशातच राहतात. दुसरीकडे, कठोर नियमांमुळे देशादेशांतील नमुन्यांची देवाणघेवाण आखडल्याची टीका प्रतापन व इतर शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात केली. या पत्राला अनेक देशांतील शेकड्याहून अधिक शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला होता. शंभर वर्षांपूर्वीचे बेळगावचे भुंगेरे लंडनमध्ये आणि आज पकडलेले पुण्यात असल्याने, दोन्ही एकाच सूक्ष्मदर्शकाखाली आणण्याचे काम या वादामुळे अधिक अवघड झाले आहे.