मिरजेचा तंबोरा आणि आपण



ज्याची उमेदीची वर्षे ऊसतोड कामगारांच्या संघटनेत गेली, त्याने गाण्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी गाणे शिकलेलो नाही. शाळाही थोडीच झाली. रात्री आकाशवाणीवर जे कानी पडले ते ऐकत गेलो आणि जे कळेना त्यासाठी मिळतील ती पुस्तके वाचली. आमचे कार्यकर्ते मला नेहमी विचारतात, "दादा, हे गाणे भरल्या पोटाच्या लोकांचे. आपल्या माणसांना त्याचे काय?" या प्रश्नाला मी एका गावाचा इतिहास सांगून उत्तर देतो. ते गाव मिरज.

बीड जिल्ह्याला तो मुलूख परका नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची लाखो माणसे उचल घेऊन, पोरेबाळे बरोबर बांधून, साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कित्येक टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे उतरतात. जिथे आपला कोयता चालतो, त्याच मातीत महाराष्ट्राच्या गाण्याचा मोठा भाग वाढला.

आरंभ गवयापासून न करता कारागिरापासून करू. मिरजेत शिकलगार राहत. तलवारी, भाल्यांना धार लावणे, ती घडवणे हा त्यांचा धंदा. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा, सुमारे १८५० च्या काळात, फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे तो स्वतःच वाद्ये घडवू लागला. धंदा बुडाल्यावर कारागिराने कसब दुसरीकडे वळवावे, ही गोष्ट आपल्याला ओळखीची आहे. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूला शेतात पिकतो. तो वाळवून, कापून, त्यावर दांडी बसवून, घोडी घासून जवारी काढीपर्यंत किती हात लागतात! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मैफलीत टाळ्या गवयाला पडतात. परंतु त्याचा पहिला षड्ज या कारागिराने लावून ठेवलेला असतो.

आता गवयांकडे येऊ. मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ग्वाल्हेरची गायकी शिकून आले आणि ती त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. मिरजेत त्यांच्याकडे कुरुंदवाडचा एक मुलगा शिकत होता. फटाक्याने त्याची दृष्टी अधू झाली होती. हेच विष्णु दिगंबर पलुसकर. असे सांगतात की, गावातल्या एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले, पण गुरूला आले नाही. कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, ते तर गवई! ज्याची कला हवी, त्याला पंक्तीत जागा नाही, हा न्याय शिष्याला झोंबला. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. ही शाळा राजाच्या मेहेरबानीवर न चालता लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालली. जी विद्या घराण्याबाहेर जात नसे, तिचे वर्ग भरू लागले, पुस्तके छापली जाऊ लागली. पुढे कर्जापायी मुंबईतली इमारत गेली. पण शिष्य तयार झाले होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच पलुसकरांनी देह ठेवला. वर्गणीवर संस्था चालवणे म्हणजे काय, हे ज्याने पावतीपुस्तक हाती धरले आहे त्याला सांगावे लागत नाही.

पलुसकरांच्याच वर्षी, १८७२ साली, उत्तरेत कैराना येथे अब्दुल करीम खाँ जन्मले. बडोद्याचा दरबार सोडून ते फिरत फिरत मिरजेस आले. प्लेगने आजारी पडले असता मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना उतार पडला, अशी आख्यायिका आहे. दर्ग्याच्या उरुसात ते दर वर्षी गाऊन सेवा करू लागले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना प्रकृती बिघडली, म्हणून ते सिंगपेरुमलकोईल या लहान स्टेशनावर उतरले. तिथे फलाटावर नमाज पढून, दरबारीचे सूर आळवीत त्यांनी प्राण सोडला. त्यांना मिरजेत दर्ग्याच्या आवारात दफन केले. उरुसात आजही देशभरचे गायक-वादक तिथे हजेरी लावतात. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. चिंचेच्या झाडाखाली बैठक आणि समोर जो येऊन बसेल तो श्रोता. याच उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाकडे आहे. ज्यांना हे गाणे भरल्या पोटाचे वाटते, त्यांनी एक रात्र तिथे बसून पाहावे.

खाँसाहेबांचे गाणे ऐकावे कसे? त्यांच्या जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. झिंझोटीतली त्यांची ठुमरी घ्या. आधी फक्त तंबोरा ऐका. मधल्या दोन तारा षड्जाच्या, तो आपला मुक्काम. मग गवई एकेका सुरावर किती वेळ रेंगाळतो आणि मुक्कामाला कसा परततो, एवढेच पाहा. किराण्याची गायकी घाई करीत नाही. फडातला जाणता गडीही आधी फडाचा अंदाज घेतो आणि मग पात धरतो. आलापीत गवई तेच करतो. रागाचे नाव पाठ नसले तरी बिघडत नाही. आपल्या भजनाची अखेर भैरवीने होते. आपल्या गावात कोणालाही विचारा, ती कानावर पडताच त्याला समजते की आता उठायची वेळ झाली. ही रागाची ओळखच आहे. तिला आपण विद्या म्हणत नाही इतकेच. ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांनी पदांची रास रचली, त्या जिल्ह्याने सुरांपुढे बिचकावे कशाला?

संघटनेने मजुरीचा दर मागितला, विमा मागितला, पोरांना शाळा मागितली. ते मागणे संपलेले नाही. पण दर कशासाठी वाढवून घ्यायचा? दिवसाच्या अखेरीस माणसाला माणसासारखे बसता यावे म्हणूनच ना? ती फुरसत मिळाली आणि तिच्यात ऐकायला चांगले काही नसले, तर आपण अर्धीच मजुरी पदरात पाडून घेतली असे मी म्हणेन.

म्हणून या व्याख्यानमालेच्या चालकांना एक विनंती. टोळ्या गावी परततात त्या याच वसंताच्या दिवसांत. पुढल्या वर्षी एक संध्याकाळ गाण्याला द्या. एकच राग ठेवा, त्याची दहा मिनिटे साध्या बोलीत ओळख करून द्या, तिकीट लावू नका. आणि बैठक सभागृहाऐवजी आमच्या वस्तीत घाला. सतरंज्या आम्ही टाकू, चहाही आमचा. गवयाची बिदागी मात्र आपण सर्वांनी वर्गणीने भरायची, आणि त्याला पंक्तीत पहिल्या पाटावर बसवायचे.