हरताळ, हिंगूळ आणि लेटेक: मराठी पानावरचा लाल रंग कुठे गेला?

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. आजचा विषय आहे पुस्तकाचं पान. समास किती सोडायचा, ओळींत अंतर किती, कुठला रंग कशाला, हे कोण ठरवतं?

सुरुवात एका वाक्प्रचाराने करू. 'नियमांना हरताळ फासला' असं आपण बातम्यांत रोज ऐकतो. पण हरताळ म्हणजे काय? ते एक पिवळं खनिज आहे, त्यात गंधक आणि आर्सेनिक असतं. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरावर हरताळाचा लेप द्यायचा आणि तो वाळला की वर नवीन अक्षर लिहायचं. थोडक्यात, त्या काळचा व्हाइटनर. पुसून टाकणं हा अर्थ तिथून आला.

म्हणजे हाताने लिहिलेल्या पोथीच्या पानावर रंगांची वाटणी ठरलेली होती. मजकूर काळ्या शाईत, दुरुस्ती पिवळ्यात आणि खुणा लाल रंगात. हा लाल हिंगुळाचा किंवा गेरूचा. दोन्ही बाजूंच्या समासाच्या रेघा लाल, 'उवाच' लाल, अध्याय संपल्याची ओळ लाल, ओवीच्या आकड्यावर आणि दंडांवर लाल बोट फिरवलेलं. पान आडवं आणि सुटं. का? कारण कागदाच्या आधी ताडपत्र होतं, आणि ताडाचं पान लांबटच असतं. कागद आला तरी आकाराची सवय राहिली.

आता नीट बघा, त्या पानात शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत फारशी नव्हती. अक्षरांची सलग रांग. अशा पानावर वाचणाऱ्याला आपली जागा सापडणार कशी? लाल ठिपक्यांमुळे. माझ्या मते तो लाल रंग निव्वळ शोभेचा नव्हता, शोधायच्या सोयीचा होता. आजच्या भाषेत सांगायचं तर नेव्हिगेशन!

मग छपाई आली. १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं, ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेस म्हणजे दगडावरून छपाई. मजकूर हातानेच लिहायचा, त्यामुळे पानाचं जुनं वळण राखता यायचं. पण अडचण वेगळीच निघाली. छापायच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळं पाळणारे लोक छापील कागदाला हात लावेनात. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई बनवली, असं सांगतात. वाचक बदलत नसेल तर शाई बदलायची. याला मी कस्टमायझेशनच म्हणेन.

लाल रंग मात्र इथेच मागे पडला. कारण साधं आहे. लेखणी दुसऱ्या दौतीत बुडवायला दोन सेकंद लागतात. छापखान्यात मात्र शाईचा रूळ सगळ्या खिळ्यांवरून एकदम फिरतो, म्हणजे एका फेरीत एकच रंग. लाल आकडे हवे असतील तर त्यांची वेगळी जुळणी करायची, तोच कागद पुन्हा यंत्रात घालायचा, आणि तो केसभर सरकला तरी आकडा ओळीवर चढतो. दगडावरही तेच, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात १८९४ पासून रंगीत चित्रं निघत होती, पण लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं. ओवीच्या आकड्यासाठी कोण मोजणार?

मग लालाचं काम काळ्यातच करायचं कसं? याचं उत्तर निर्णयसागरच्या पुस्तकांत दिसतं. जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासायचे. १८६९ मध्ये त्यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याचे खिळे सुबकपणासाठी नावाजले गेले. तिथल्या संस्कृत ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या टाइपात आणि टीका खाली बारीक टाइपात. जे आधी रंग सांगायचा, ते आता आकार सांगू लागला.

आता एकदम १९७७. अमेरिकेतले डोनाल्ड नूथ आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघतात आणि वैतागतात. गणिताची पानं इतकी कुरूप दिसत होती की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिचं नाव टेक. तिच्यावर लेस्ली लँपोर्ट यांनी १९८० च्या दशकात लेटेक उभं केलं. मग १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थाउस यांनी टेकसाठी देवनागरी बनवली, आणि २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे युनिकोड फाँट थेट वापरता यायला लागले.

इथे माझा संबंध येतो. मी बोनकोड्यात राहतो, दिवसा कोड लिहितो, आणि गेले काही महिने रात्री आजीच्या ओव्यांची वही लेटेकमध्ये बसवतोय. जात्यावरच्या ओव्या, तिच्याच अक्षरात. दुसरी प्रत नाही. पहिला नमुना दाखवला तर आजी म्हणाली, "छान आहे रे, पण आकडा लाल कर. फोन वाजला की मी उठते, परत आले की जागा सापडत नाही."

दोनशे वर्षांपूर्वीच्या वाचकाची गरज तिने एका वाक्यात सांगितली!

मग पान बदलायला घेतलं. लेटेकमध्ये नेहमीच्या १० पॉइंट अक्षराला ओळींचं अंतर १२ पॉइंट असतं, म्हणजे सव्वापटीलाही थोडं कमी. ते रोमन लिपीच्या हिशोबाचं. आपल्याकडे वर रफार-वेलांटी, खाली उकार-जोडाक्षर. ओळी एकमेकींना भिडायला लागल्या की टेक तेवढ्याच दोन ओळी लांब ढकलतं आणि पान उसवल्यासारखं दिसतं. मी अंतर दीडपट केलं. फाँट आयआयटी मुंबईचा शोभिका. फोनवरच्या प्रतीसाठी पान ९ सेंटिमीटर रुंद, १६ सेंटिमीटर उंच. पानांचे आकडे देवनागरी.

आणि रंग. एकच रंग, नाव ठेवलं 'हिंगूळ'. लाल १७०, हिरवा ३०, निळा २०. तो फक्त ओवीच्या आकड्याला आणि दंडांना. व्याख्या एका जागी असल्यामुळे काळ्या पार्श्वभूमीच्या प्रतीसाठी तोच रंग उजळ करता येतो. छापायच्या प्रतीत तीच आज्ञा लालाऐवजी ठळक काळा देते, कारण दुसऱ्या रंगाचे पैसे आजही वेगळेच पडतात. गणपत कृष्णाजींची अडचण अजून आहे, फक्त आता ती एका ओळीत सुटते.

म्हणून तुम्ही कधी पुस्तक, प्रोजेक्ट रिपोर्ट किंवा लग्नाची पत्रिका मांडायला बसलात, तर रंगांची पेटी उघडण्याआधी एवढंच विचारा: या रंगामुळे वाचणाऱ्याला काय सापडणार आहे? उत्तर नसेल तर काळा पुरे. उत्तर असेल तर बिनधास्त लाल करा, आपली परंपराच आहे ती.

घरात जुनी पोथी असेल तर तिचं एक पान बाहेर काढून बघा, लाल कुठे कुठे आहे ते मोजा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!