एकोणतीस आकडी संख्या आणि आपला मनुष्यजन्म



मनुष्यजन्म दुर्लभ आहे, हे आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. आपल्या आचार्यांनी त्याचा हिशोबही मांडून ठेवला आहे. हा आकडा पाहा:

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

मोजून पाहा, २९ अंक आहेत. अडीच द्वीपातील गर्भज मनुष्यांची कमीत कमी संख्या म्हणून श्वेतांबरांच्या अनुयोगद्वार सूत्रात तिची मांडणी आहे. दिगंबर परंपरेत वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेतही या संख्येची चर्चा येते.

एवढा आकडा लक्षात कसा ठेवायचा? सूत्रात युक्ती आहे. दोनचा वर्ग ४. चारचा वर्ग १६. मग २५६, मग ६५५३६. पाचवा वर्ग ४२९४९६७२९६ आणि सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. पाचव्याला सहाव्याने गुणले की वरचा आकडा येतो.

दुसरी खूण म्हणजे तिचे छेद. ही संख्या निम्मी करा, उत्तर पुन्हा निम्मे करा. बरोबर ९६ वेळा निम्मे केल्यावर १ उरतो, मध्ये कुठेही बाकी राहत नाही. एखादी संख्या किती वेळा निम्मी होते, त्याला धवलेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. पाचव्या वर्गाचे अर्धच्छेद ३२, सहाव्याचे ६४. गुणाकार करायचा तर अर्धच्छेदांची नुसती बेरीज करा: ३२ + ६४ = ९६. कॉमर्सला आपण लॉगची कोष्टके वापरली, त्यांच्यामागे हेच तत्त्व आहे. धवला पूर्ण झाली ती बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. ८१६ मध्ये, युरोपात नेपिअरची कोष्टके आली १६१४ मध्ये.

आपण घरी नवाचा ताळाही करून पाहू शकतो. सगळ्या अंकांची बेरीज १२७, तिची १०, म्हणजे १. इकडे ६४ ची बेरीजही १०, म्हणजे १. सोळा वेळा ६४ घेऊन गुणले की हीच संख्या येते आणि १ ला १ ने कितीही वेळा गुणले तरी १ च. ताळा जमला!

धवलेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीला जपली गेली. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला छापील खंड १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून निघाला. चौथ्या खंडात डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी त्यातल्या गणितावर लिहिले, तेव्हा हे ज्ञान गणिताच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

आता मूळ मुद्दा. आपल्या शास्त्रात संख्येचे तीन प्रकार आहेत: संख्यात, असंख्यात आणि अनंत. देव आणि नारकी असंख्यात, निगोदातील जीव अनंत. गर्भज मनुष्य मात्र संख्यात! २९ अंकी असली तरी ही संख्या मोजता येते, वहीच्या एका ओळीत मावते. अनंत जीवांच्या पुढे ती किती लहान! ‘दुर्लभ’ या शब्दाचा हा हिशोब आहे. मुलांना पाढे शिकवताना एकदा हा आकडाही लिहून दाखवा आणि तो कशाचा आहे, तेही सांगा.