कपड्यावरचे लेबल नेमके कोणाच्या सुरक्षिततेचे?

भोईवाड्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने टी-शर्टच्या आतली पट्टी दाखवली. त्यावर ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ असे छापले होते. "म्हणजे शिवणाऱ्या कामगारांना नीट वागवलं, असंच ना?" त्याने विचारले. नाही. हे लेबल त्याबद्दल काहीच सांगत नाही.

१९९२ पासून दिले जाणारे हे प्रमाणपत्र कापड, दोरा, बटण, चेन यांत घातक रसायने ठरलेल्या मर्यादेत आहेत का, एवढेच पाहते. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांना सर्वांत कडक नियम आहेत. लेबलवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून खरेखोटे तपासता येते. ‘गॉट्स’ वेगळे आहे. त्यात किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतोच, शिवाय सांडपाणी, बालमजुरी, वेतन आणि संघटनेचा हक्क यांच्याही अटी असतात.

पण अटी कागदावर असणे आणि कारखान्यात पाळल्या जाणे वेगळे. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपडे कारखान्याला ‘एसए ८०००’ हे कामगारांच्या हक्कांचे आणि सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, तिथे आग लागली. अडीचशेहून अधिक कामगार गेले.

चामड्याचा प्रश्न तर जातीशीच बांधलेला आहे. बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. प्रक्रिया नीट झाली नाही तर त्यात ‘क्रोमियम-६’ तयार होऊ शकते, त्वचेला ॲलर्जी होते. म्हणून युरोपीय संघाने मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठेवली. मोजमाप होते ते तयार बुटाचे. कुंडात उतरणाऱ्याच्या हातांचे नाही. ‘लेदर वर्किंग ग्रुप’ (२००५) टॅनरी तपासतो, पण त्याचा मुख्य भर पाणी, ऊर्जा, कचरा यांवर.

कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावतात, क्रोमियमशिवाय. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. ते मूळ ठिकाण आणि पद्धत सांगते. त्या चपलेमागे चर्मकाराला किती मजुरी पडली, हे त्यातूनही कळत नाही.

आता त्या मुलाने प्रश्न बदललाय. दुकानात लेबल दिसले की तो विचारतो, "यात कारखाना तपासलाय की फक्त कापड?" दुकानदाराला अजून उत्तर देता आलेले नाही. केंद्राच्या वस्त्रसमितीचे मुख्यालय इथून जवळच, प्रभादेवीला आहे. पुढचा वर्ग तिथला वेळ मागून घ्यायचा, असे ठरले आहे.