धनुष्य कोणी केले?

परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि आपला गोमंतक वर आला, ही कथा आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. बाण जिथे पडला ते गाव बाणावली, असेही लोक सांगतात. म्हणजे बाण कोणी सोडला हे आपल्याला ठाऊक आहे, तो कुठे पडला हेही ठाऊक आहे. पण ते धनुष्य कोणी केले? ते मात्र कोणी सांगत नाही. रामायणात शिवाचे आणि विष्णूचे धनुष्य विश्वकर्म्याने घडवल्याचा उल्लेख येतो खरा, पण तिथेही कारागीर म्हणजे देवच! हाताला घट्टे पडलेला साधा माणूस धनुष्याच्या कथेत सहसा सापडत नाही. लक्षात राहतो तो धनुर्धर.

वास्तविक धनुष्य ही घरच्या घरी करायची वस्तू. बांबूची एक कांब, थोडी सुतळी आणि बाणासाठी माडाचा हीर एवढ्यावर आपल्याकडची मुले तिरकमठा करत आली आहेत. खेळणे म्हणून ते ठीक. पण ज्याच्यावर घरातल्यांचे पोट अवलंबून आहे असे धनुष्य करायचे तर ती मोठीच विद्या आहे. भिल्लांचे पारंपरिक धनुष्य बांबूचे, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ चिवट पट्टीची. एकाच झाडातून दोन्ही गोष्टी काढायला झाड किती ओळखावे लागत असेल, याचा विचार करा.

या विद्येचे मर्म एका वाक्यात सांगता येते. धनुष्य वाकले की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आतली बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. पाठ तुटता कामा नये आणि पोट चुरगळता कामा नये. म्हणून लाकूड करवतीने कापण्यापेक्षा पाचरी ठोकून फोडणे बरे, कारण फोडलेले लाकूड आपल्या रेषांच्या वाटेने जाते. पाठीवर शक्य तर एकच वर्षवलय अखंड ठेवायचे. तिथे एक जरी रेषा तुटली तरी धनुष्य बहुधा तिथूनच फुटणार! जे काही तासायचे ते पोटाच्या बाजूने. थोडे तासायचे, थोडे वाकवून पाहायचे, जिथे ताठ दिसेल तिथे पुन्हा तासायचे, असे करत दोन्ही पाती सारखी वाकेपर्यंत जायचे. घाई केली की लाकूड वाया. काढलेला भुसा परत चिकटवता येत नाही.

अमेरिकेत गेल्या शतकात घरी लाकडी धनुष्य करण्याचा छंद नव्याने रुजला आणि आज तिथे असंख्य लोक घरामागच्या शेडमध्ये हेच करत बसलेले असतात. या छंदाच्या मुळाशी एक माणूस आहे. त्याची गोष्ट इथे सांगायची आहे.

२९ ऑगस्ट १९११ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ, एका कत्तलखान्याच्या आवारात, उपासमारीने खंगलेला साधारण पन्नाशीचा एक माणूस सापडला. त्याची भाषा कोणालाही कळेना. तो याही जमातीचा होता. लासेन पर्वताच्या पायथ्याशी, मिल क्रीक आणि डीअर क्रीक या ओढ्यांच्या खोऱ्यांत ही माणसे राहत. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि बाहेरच्या लोकांचा लोंढा आला. १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी याहींच्या वस्त्यांवर हल्ले करून त्यांना जवळजवळ संपवले. उरलेले मूठभर लोक पुढची सुमारे चाळीस वर्षे दऱ्याखोऱ्यांत लपून जगले. धूर दिसू द्यायचा नाही, पाऊलखूण उमटू द्यायची नाही, असे जगणे.

१९०८ साली एका वीज कंपनीचे मोजणीदार त्यांच्या लपण्याच्या जागेवर येऊन थडकले. तेव्हा तिथे चौघेच उरले होते. बाकीचे निसटले, पण चालता न येणारी म्हातारी आई मागे राहिली. मोजणीदारांनी तिला इजा केली नाही, पण जाताना कातडी, टोपल्या, जाळी, धनुष्यबाण, जे दिसले ते आठवण म्हणून उचलून नेले. त्यांना ती गंमतीची वस्तू वाटली. त्या चौघांचे ते संपूर्ण घर होते. आई त्यानंतर फार काळ जगली नाही. बाकीच्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही. तीन वर्षांनी उरलेला एकटा माणूस ओरोव्हिलला आला.

मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि टी. टी. वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला, विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. परक्यासमोर आपले नाव आपल्याच तोंडाने घ्यायचे नाही अशी त्याच्या लोकांची रीत होती. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही रीत फारशी विचित्र वाटणार नाही. शेवटी क्रोबरनी त्याच्या भाषेतला 'माणूस' या अर्थाचा शब्द त्याला दिला, 'इशी'. खरे नाव त्याने कधीच सांगितले नाही.

इशी संग्रहालयातच राहू लागला, तिथे झाडलोटीचे काम करून पगार घेऊ लागला. रविवारी लोक जमत आणि तो त्यांना काठीवर काठी घासून अग्नी कसा पाडतात, काळ्या ज्वालाकाचेचे बाणाग्र कसे करतात ते दाखवी. संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ होते. १९१२ मध्ये तिथे सॅक्स्टन पोप नावाचे शल्यचिकित्सक शिकवायला आले. पोपना हातचलाखीचे प्रयोग करण्याचा नाद होता. नाणे नाहीसे करून दाखवणारा हा डॉक्टर इशीला खरा 'कुवी', म्हणजे मांत्रिक-वैद्य वाटला. तो त्यांना 'पोपी' म्हणे. दोघांची मैत्री जमली ती मात्र धनुष्यावरून.

पोप नुसते टिपणे घेत बसले नाहीत, हे महत्त्वाचे. ते इशीच्या शेजारी बसून स्वतः धनुष्य करायला शिकले, त्याच्याबरोबर बाण मारायला शिकले. त्यांनी जे पाहिले ते असे. इशीच्या पसंतीचे लाकूड डोंगरातल्या जुनिपरचे. फांदी फोडून बाहेरचे पांढरे लाकूड पाठीकडे ठेवायचे. धनुष्याचे माप फूटपट्टीवर नाही, अंगावर: एक हात आडवा पसरायचा, त्या हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत जेवढे अंतर तेवढी लांबी. पाती रुंद आणि चपटी. तासण्यासाठी रानात गारगोटी आणि वाळूचा दगड, संग्रहालयात आल्यावर खिशातला चाकू. टोके तापलेल्या दगडावर गरम करून किंचित उलटी वळवायची. मग हरणाच्या कंडरा चावून चावून मऊ करायच्या, त्यांचे तंतू सुटे करायचे आणि सॅल्मन माशाची कातडी उकळून केलेल्या डिंकाने ते पाठीवर बसवायचे. वर झाडाच्या सालीच्या पट्ट्या गुंडाळून कित्येक दिवस वाळवत ठेवायचे. दोरीही कंडरांचीच.

कंडरा लाकडापेक्षा किती तरी जास्त ताण सहन करते. एवढे आखूड धनुष्य पुष्कळ खेचले तरी फुटत नाही ते त्या अस्तरामुळे. झुडपांच्या दाटीत, गुडघ्यावर बसून, अगदी जवळून शिकार करणाऱ्याला आखूडच धनुष्य हवे. लांबवरच्या गोल फळ्यावर नेम धरण्यात इशी सामान्यच होता. पण सावजाला हाक घालून जवळ आणण्यात आणि चाहूल न देता थांबण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे.

धनुष्य त्याच्या लेखी जिवंत वस्तू होती. न वापरता उभे ठेवले तर ते काम करतच राहते, घामाघूम होते आणि दुबळे होते, म्हणून ते आडवे निजवायचे, असे तो सांगे. धनुष्याचे एक टोक तोंडाच्या कोपऱ्याला लावून बाणाने दोरीवर हलकेच टिचकी मारत तो त्यातून सूरही काढी. आपल्या एकतारीच्या जवळचे काही तरी म्हणा ना!

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा इशीला घेऊन डीअर क्रीकला गेले. ज्या खोऱ्यात तो लपून जगला, तिथे त्याने त्यांना सगळे दाखवले. दोन वर्षांनी, २५ मार्च १९१६ रोजी, क्षयाने त्याचा मृत्यू झाला. शहरात आल्यावर जडलेला रोग. त्याच्या शवाबरोबर एक धनुष्य, पाच बाण, ओकच्या बियांच्या पिठाची टोपली आणि शिंपल्यांच्या मण्यांचे धन ठेवून दहन झाले. पण त्याआधी शवविच्छेदन झाले होते. न्यूयॉर्कला असलेल्या क्रोबरनी पत्र लिहून त्याला कडाडून विरोध केला होता. तरी ते झाले, मेंदू काढून ठेवला गेला, आणि पुढे क्रोबरनीच तो १९१७ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तो २००० साली इशीच्या लोकांच्या जवळच्या जमातींना परत मिळाला आणि अस्थींसह गुप्त ठिकाणी त्याला माती देण्यात आली.

पोपनी १९१८ मध्ये याहींच्या धनुर्विद्येवर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला आणि १९२३ मध्ये धनुष्यबाणाने शिकार करण्याविषयीचे आपले गाजलेले पुस्तक. त्यात घरी धनुष्य, दोरी आणि बाण कसे करायचे याची प्रकरणे होती. ती वाचून कित्येक जणांनी पहिल्यांदा लाकूड हातात घेतले. मात्र त्या प्रकरणांत पोपनी शिकवले ते यू लाकडाचे लांब इंग्लिश धनुष्य. इशीमुळे गोडी लागली, पण पुढे त्यांनी इंग्लिश पद्धतच आपली मानली. इशीच्या धनुष्याला त्याच पुस्तकात वेगळे प्रकरण मिळाले, आदराचे, पण होऊन गेलेल्या गोष्टीचे.

पुढची गंमत अशी, की १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी मोजमापे घेऊन दाखवले, की जाड गोलसर पातीपेक्षा रुंद चपटी पाती लाकडाचा ताण जास्त सारखा वाटून घेते. अमेरिकेतल्या अनेक आदिवासींची धनुष्ये चपटीच होती. डेन्मार्कच्या होल्मेगार्ड दलदलीत १९४४ साली सापडलेले, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचे एल्म लाकडाचे धनुष्यही तसेच. मध्यंतरी फायबरग्लास आले, १९६९ मध्ये चाकांच्या कंपाउंड धनुष्याला पेटंट मिळाले, आणि लाकडी धनुष्य संपले असेच वाटू लागले. तरी १९९० च्या दशकात काही हौशी कारागिरांनी पुन्हा पुस्तके लिहिली. मॅपल, हिकरी, ओक अशा साध्या लाकडाचेही उत्तम धनुष्य होते, फक्त पाती रुंद ठेवा, हे त्यांनी सांगितले. तिथले आवडते लाकूड ओसेज ऑरेंज, म्हणजे आपल्या फणसाच्याच कुळातले झाड!

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. १९६१ साली अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांची एक संस्था निघाली. तिला नाव दिले गेले पोप आणि त्यांचे शिकारी मित्र आर्थर यंग यांचे. तिथेही धनुर्धरच लक्षात राहिले! पोप कृतघ्न नव्हते; इशीविषयी त्यांनी मनापासून लिहिले आहे. पण ज्याने शिकवले त्याचे नाव घेणार तरी कसे? त्याने ते कोणाला सांगितलेच नव्हते.

आणि तरीही तो कारागीर पूर्ण गप्प राहिलेला नाही. १९९० च्या दशकात बर्कलीचे पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅकली यांनी इशीची बाणाग्रे तपासली. ती जुन्या याही वस्त्यांत सापडणाऱ्या बाणाग्रांसारखी नव्हती, शेजारच्या विंटू-नोमलाकी लोकांच्या घडणीशी जुळत होती. म्हणजे त्याला ही कला शिकवणारा, कदाचित बाप, कदाचित मामा, शेजारच्या जमातीचा असावा. जे नाते त्याने तोंडाने सांगितले नाही ते त्याच्या हातांनी काचेत कोरून ठेवले होते.

मोजणीदारांनी नेलेले धनुष्य कपाटात गेले आणि वस्तू झाले. पोप शेजारी बसले म्हणून विद्या, निदान तिचा एक तुकडा, हातातून हातात गेला. भाषा गेली, नाव गेले, माणसे गेली. आपल्याकडेही कावीची भिंत रंगवणारा, चुडते विणणारी, घुमटाला घोरपडीच्या कातड्याऐवजी दुसरे कातडे चढवून तोच नाद शोधणारा, असे हात अजून आहेत. त्यांचे फोटो पुष्कळ निघतात. त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून, चार लाकडे वाया घालवत शिकणारे किती, हे ज्याचे त्याने मोजावे. आणि शिकलातच, तर शिकवणाऱ्याचे नाव विचारून ठेवा.