भाग: भुशाचं टेबल आणि लाखेचं पॉलिश

आज एक साधा प्रश्न. स्वस्तातलं स्टडी टेबल दोन पावसाळ्यांत कडेला फुगतं, मग आजीचं सागवानी कपाट पन्नास वर्षं कसं टिकतं?

माझ्या भाड्याच्या खोलीतलं टेबल असंच फुगलं. मी हौसेने पाण्यात मिसळायचा पांढरा रंग थेट कडेला लावला, आणि आठवड्याभरात कड पुरीसारखी टम्म! चूक कुठे झाली ते शोधताना इतिहासात शिरलो.

सुरुवात जर्मनीतून. माक्स हिमेलहेबर हा तिथला संशोधक. सुतारकामात झाडाचा केवढा तरी भाग ढलप्या आणि भुसा होऊन जळणात जातो, हे त्याला खुपत होतं. या कचऱ्यालाच राळ लावून, गरम दाबाखाली त्याच्या फळ्या का करू नयेत? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, चांगलं लाकूड दुर्मीळ झालेलं असताना, ब्रेमेनच्या कारखान्यात अशा फळ्या निघू लागल्या. हाच आपला पार्टिकल बोर्ड. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत लाकडाचे अगदी बारीक तंतू दाबून एमडीएफ तयार झालं. 1979 मध्ये आयकियाचं 'बिली' हे पुस्तकांचं शेल्फ आलं आणि पार्टिकल बोर्ड जगभरच्या घरांत पोचला.

आता गंमत बघा. फळी बनवताना ढलप्या प्रचंड दाबाखाली चेपलेल्या असतात. म्हणजे झिप केलेली फाइलच म्हणा ना. पाणी आत गेलं की ती अनझिप होते! तंतू फुगून मूळ आकाराकडे जातात, आणि आतल्या बोर्डात सहसा वापरली जाणारी युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ ओलाव्याने हळूहळू कमकुवत होते. वाळल्यावरही फळी पूर्ववत बसत नाही. वरच्या पृष्ठभागावर सनमायकासारखा थर असतो, तो पाणी अडवतो. पण कापलेली कड उघडी असते, आणि ती स्पंजासारखं शोषते. माझ्या पांढऱ्या रंगातलं पाणी तिथूनच आत शिरलं.

मग उपाय? तो आपल्याच मातीत सापडतो. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे बसतात आणि फांदीवर राळेचं कवच तयार करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून चपडा लाख बनते. झारखंड हा आजही तिचा मोठा प्रदेश, आणि रांचीजवळ 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच होत्या. सुतारांचं जुनं लाख पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली हीच लाख.

तिचा मोठा गुण म्हणजे ती पाण्यात नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे कडेला लावताना तंतू फुगत नाहीत. स्पिरिट उडून जातं, आणि मागे राहिलेला थर पाणी अडवतो.

तर क्रम असा: फळी पूर्ण वाळलेली हवी. फुगलेली कड पॉलिश पेपरने सपाट करा, धूळ बारीक असते म्हणून मास्क लावा. मग कडेला लाखेचे दोन पातळ हात, मध्ये वाळू द्या आणि हलकं घासा. चकचकीत पृष्ठभागही आधी घासून खडबडीत करा, नाहीतर रंग सोलला जाईल. त्यानंतर प्रायमर, आणि शेवटी रंग. खिडकी उघडी ठेवा, आणि जवळ उदबत्ती किंवा गॅस नको, स्पिरिट पेटतं.

माझं टेबल आता दुसरा पावसाळा बघतंय, कड अजून सपाट आहे. कचऱ्यातून फळी जर्मनीने काढली, पण तिची कड सांभाळायला मला पळसावरचा किडाच उपयोगी पडला.

आज घरी गेल्यावर तुमच्या टेबलाची खालची कड हाताने चाचपून बघा. उघडी असेल, तर पावसाच्या आधी तिची सोय करा. भेटू पुढच्या भागात!