आधी पाहा, मग ऐका

मी मराठीची शिक्षिका. एकदा वर्गात पिंगुळीच्या चित्रकथीतल्या राम-रावण युद्धाच्या चित्राची प्रत लावली आणि विचारलं, ''काय दिसतं?'' सगळे एका सुरात ओरडले, ''रामायण!'' म्हटलं, ''ते तुम्हाला ठाऊक आहे. दिसतंय काय, ते सांगा.'' वर्ग गप्प झाला.

चित्र दाखवत कथा सांगायची ही रीत जुनी. १२व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी ती पिढ्यान् पिढ्या जपली. पोथीतलं एकेक चित्र समोर ठेवायचं आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं कथा रंगवायची. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चित्रात योद्धे समोरासमोर, डोळे मोठाले. रडू मात्र आवाजातून येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तेच चित्र ठेवून एकाला रामाच्या, एकीला मंदोदरीच्या बाजूनं कथा सांगायला लावली. चित्र एकच, पण वर्ग दोनदा हलला.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ''बाई, मग पेपरातल्या फोटोखालची ओळसुद्धा कुणीतरी सांगितलेलीच ना?''

तेव्हापासून आमच्या वर्गात आधी पाहायचं, मग ऐकायचं, आणि ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा पाहायचं.